बिझीबॉक्स नव्यानं बेतताना: १६ एमबी फ्लॅशमधले नऊ आठवडे

पाण्याची पातळी मोजून दर पंधरा मिनिटांनी मोडेममधून पाठवणारी एक पेटी. आत कॉर्टेक्स-ए७ प्रोसेसर, ६४ एमबी रॅम आणि १६ एमबीची एसपीआय नॉर फ्लॅश. लिनक्स बिल्डरूट या इमेज बांधणाऱ्या साधनानं बांधलेलं, सी लायब्ररी मसल, आणि सगळी रोजची हत्यारं एकाच फाइलमध्ये: बिझीबॉक्स १.२७.२, म्हणजे २०१७ सालचं. त्याच्या सुधारणांचा आराखडा आखणं आणि पहिला टप्पा पेटीवर उतरवणं हे काम ६ जानेवारी २०२५ ला सुरू झालं आणि ११ मार्चला एका जागी येऊन थांबलं. मधल्या नऊ आठवड्यांत काय केलं, कुठं अडलो आणि काय वाया गेलं, ते क्रमानं लिहितो. आज्ञा आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एकदा जरी मेनूकॉन्फिग (पर्याय निवडायचा मेनू) उघडलं असेल तरी ती ओळखू येतील.

बिझीबॉक्स मुळात १९९५-९६ मध्ये ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन या लिनक्स वितरणाच्या इन्स्टॉलरसाठी लिहिलं. एका १.४४ एमबी फ्लॉपीवर चालू होणारी आणि दुरुस्तीलाही उपयोगी पडणारी प्रणाली बसवायची होती. तो कंजूषपणा आजही कोडच्या ओळीओळीत आहे, आणि सुधारणा सुचवायची तर आधी तो अंगी बाणवावा लागतो. आमची सुरुवात नेमकी उलटी झाली.

पहिला आठवडा: मागण्या

क्षेत्रावर जाणारे तंत्रज्ञ, सर्व्हर सांभाळणारे आणि फर्मवेअरवाले, सगळ्यांकडून मिळून १७ मागण्या आल्या. पेनड्राइव्हवरची मराठी नावांची फाइल एलएस (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) मध्ये प्रश्नचिन्हं दाखवते. मोडेमवर दोन क्रॉन कामं (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) एकाच वेळी तुटून पडतात. कालची तारीख काढता येत नाही. फाइली उतरवणारा डब्ल्यूगेट सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासत नाही. लॉग फ्लॅश झिजवतो. घड्याळ बरोबर होण्याआधीच मोजणी सुरू होते आणि १९७० सालच्या नोंदी पडतात. एक मागणी ‘सिस्टमडी टाका’ अशीही होती. तिच्यावर चर्चा झाली नाही.

या मागण्या चार टोपल्यांत विभागल्या: कॉन्फिगमध्ये भागेल, स्क्रिप्टनं भागेल, सी भाषेत कोड लिहावं लागेल, आणि नाही. मागणी पहिल्या टोपलीत बसत नाही हे दाखवल्याशिवाय दुसरीत टाकायची नाही, असा नियम ठेवला. शेवटचा हिशेब कॉन्फिग ७, स्क्रिप्ट ४, सी १, नाही ५ असा निघाला. पहिल्या दिवशी आमचा अंदाज सी मध्ये निदान आठ असा होता.

लॉगचं उदाहरण घ्या. लॉग लिहिणाऱ्या सिसलॉगडी ला डॅश सी २५६ दिलं की तो २५६ केबीच्या वर्तुळाकार बफरात, सामायिक मेमरीत लिहितो आणि लॉगरीड नं वाचता येतो. त्यासाठी कॉन्फिगमध्ये आयपीसी सिसलॉग हा पर्याय चालू हवा. नुसता डॅश सी दिला तर बफर त्याच कॉन्फिगमधल्या आकड्याएवढा, मूळ स्थितीत १६ केबीचा मिळतो. वीज गेली की हा लॉगही जातो, म्हणून फक्त इशारे आणि त्यावरच्या नोंदी तासातून एकदा फ्लॅशवर उतरवतो.

घड्याळाचंही तसंच. नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीडी ला डॅश एस देऊन एक स्क्रिप्ट जोडता येते. घड्याळ उडी मारून जुळवलं, स्ट्रॅटम (संदर्भ घड्याळापासून आपण किती पायऱ्या दूर) बदलला किंवा ठरावीक वेळ गेला की तो ती चालवतो आणि पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये स्टेप, स्ट्रॅटम, पीरिऑडिक किंवा अनसिंक असा शब्द देतो. स्ट्रॅटम नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही मिळतं. ते १६ पेक्षा खाली आल्यावरच मोजणीचा प्रोग्राम सुरू करायचा. बाहेरून कुठलाही प्रोग्राम आणावा लागला नाही.

कालच्या तारखेसाठी डेट मध्ये ‘यस्टरडे’ हा शब्द समजून घेणारं कोड घालायचं असा मूळ बेत होता. बिझीबॉक्सचा डेट मोजकेच साचे ओळखतो, पण ॲट चिन्हापुढचे सेकंद त्याला कळतात. डेट अधिक पर्सेंट एस नं आत्ताचे सेकंद घ्यायचे, ८६,४०० वजा करायचे, पुढे ॲट लावून डेट डॅश डी ला द्यायचे. उन्हाळ्यात घड्याळं पुढं-मागं करणाऱ्या देशांत ही युक्ती वर्षातून दोनदा दगा देऊ शकते. आपल्याकडे ती भानगड नाही.

दुसरा आठवडा: कुठली आवृत्ती

१३ जानेवारीला स्रोताचे दोन टारबॉल (एकत्र बांधलेले गठ्ठे) उतरवले, १.३६.१ आणि १.३७.०. बिझीबॉक्समध्ये शेवटी शून्य असलेली आवृत्ती ‘अनस्टेबल’ म्हणून जाहीर होते. १.३६.१ मे २०२३ ची, स्थिर, १.३७.० सप्टेंबर २०२४ ची. शेतात कालव्याकाठी खांबावर बसणाऱ्या पेटीसाठी स्थिर आवृत्ती घेतली, पण एक खोट धरून. नोव्हेंबर २०२१ मध्ये क्लॅरोटी आणि जेफ्रॉग या सुरक्षा कंपन्यांनी जाहीर केलेल्या १४ सुरक्षा त्रुटी १.३४.० मध्येच मिटल्या होत्या. त्यांतल्या ९ एकट्या ऑक या मजकूर चाळणाऱ्या हत्यारातल्या. २०२३ मध्ये ऑकमध्येच आणखी ४ निघाल्या, त्या १.३६.१ मध्ये आहेत. त्यांचे पॅच वेगळे आणून लावायचे हे आराखड्यात पहिल्या ओळीवर लिहिलं. ऑक काढूनच टाकावा का, हाही प्रश्न होता. मेनूकॉन्फिगमध्ये त्याच्यापुढे सुमारे २४ केबी असा आकार लिहिलेला दिसतो. पण आमच्या ११ स्क्रिप्ट त्याच्यावर उभ्या होत्या, त्यामुळे तो राहिला.

पहिली बिल्ड लॅपटॉपवरच करून पाहिली आणि लागोपाठ तीन ठेचा लागल्या. तिन्ही तुम्हालाही लागतील.

पहिली: मेक मेनूकॉन्फिग म्हणतं एनकर्सेस (पडद्यावर मेनू काढणारी लायब्ररी) सापडत नाही. ते तर बसवलेलं असतं. खरा दोष तपासणीच्या चिमुकल्या स्क्रिप्टमध्ये आहे. स्क्रिप्ट्स, केकॉन्फिग, एलएक्सडायलॉग या फोल्डरांतल्या चेक-एलएक्सडायलॉग मध्ये मेन हे फंक्शन परतीचा प्रकार न सांगता लिहिलंय. जीसीसी या कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीपासून ही चूक इशारा न राहता थेट त्रुटी झाली, म्हणून चाचणी-प्रोग्राम बनत नाही आणि दोष एनकर्सेसच्या माथी येतो. मेनच्या आधी इंट लिहा, काम झालं. आम्ही यात अर्धा दिवस एनकर्सेस पुन्हापुन्हा बसवण्यात घालवला.

दुसरी: १.३६.१ चं टीसी हे अ‍ॅप्लेट (बिझीबॉक्सच्या आतलं एकेक हत्यार म्हणजे अ‍ॅप्लेट) नव्या कर्नल हेडरांबरोबर बनत नाही. ६.८ पासून कर्नलनं सीबीक्यू ही बँडविड्थ वाटण्याची जुनी पद्धत काढून टाकली आणि टीसी त्याचीच व्याख्या शोधत बसतं. बँडविड्थचं नियंत्रण करायचं नसेल तर टीसी बंद करा.

तिसरी: १.३७.० एआरएमसाठी बांधताना शा-१ च्या हार्डवेअर-प्रवेगाचं कोड अडतं, कारण इंटेलपुरतं असलेलं नाव तिथंही वापरलं गेलंय. कॉन्फिगमधले शा हार्डवेअर प्रवेगाचे पर्याय बंद केले की बिल्ड पुढं सरकते.

जुनं कॉन्फिग नव्या आवृत्तीत आणताना मेक ओल्डकॉन्फिग ला डोळे मिटून एंटर मारत जाऊ नका. बिझीबॉक्समध्ये बहुतेक पर्यायांचं मूळ उत्तर ‘हो’ असतं. १.२७ ते १.३६ मधली सगळी नवी अ‍ॅप्लेटं गुपचूप आत येतात आणि आपण ‘नवी आवृत्ती फुगली’ असं म्हणत बसतो. आम्ही ऑलनोकॉन्फिगपासून सुरुवात केली आणि लागेल तेवढंच चालू करत गेलो. दोन दिवस गेले, पण कुठली ओळ का आहे हे आता प्रत्येकाला सांगता येतं. बिल्डरूट वापरत असाल तर मेनूकॉन्फिगनंतर मेक बिझीबॉक्स-अपडेट-कॉन्फिग चालवायला विसरू नका. नाहीतर पुढच्या मेक क्लीनला सगळी मेहनत पुसली जाते.

तिसरा आणि चौथा आठवडा: काय खरंच वापरात आहे

पेटीवर कुठली अ‍ॅप्लेटं चालतात ते शोधायला एसट्रेस या नोंद घेणाऱ्या साधनानं सगळ्या एक्झेकव्हीई (नवा प्रोग्राम चालवायच्या) हाका नोंदवायच्या ठरवल्या. यादी संशयास्पद आखूड आली. एमकेडीआयआर नाही, बेसनेम नाही, डर्नेम नाही. आमच्या कॉन्फिगमध्ये शेल स्टँडअलोन आणि शेल नोफोर्क चालू होते. त्यामुळे ‘नोफोर्क’ जातीची अ‍ॅप्लेटं शेलच्याच प्रोसेसमध्ये, साध्या फंक्शनसारखी चालतात. ‘नोएक्झेक’ जातीची फोर्क होतात (नवी प्रोसेस बनते) पण एक्झेक होत नाहीत (नवी फाइल चालवली जात नाही). दोन्ही एसट्रेसच्या या जाळ्यातून सुटतात. मोजणीपुरती ते दोन पर्याय बंद असलेली वेगळी बिल्ड करा.

दुसरा सापळा याहून महागात पडला. आठवडाभराची यादी घेऊन न वापरलेली अ‍ॅप्लेटं काढली, पेटी छान चालू झाली. २९ जानेवारीला फर्मवेअर अद्ययावत करून पाहिलं तर फ्लॅशवर इमेज लिहिणारं फ्लॅशसीपी सापडेना. ते फक्त अद्ययावत करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये होतं, जी वर्षातून दोनदा चालते. स्क्रिप्टनं आधी विभाजन पुसलं होतं, त्यामुळे पेटी उठेना. सोइक-८ चिमटा आणि सीएच३४१ए प्रोग्रामर लावून चिप हातानं लिहावी लागली. हा जोड तेव्हा साधारण ४५० रुपयांत मिळत होता. या प्रोग्रामरच्या काळ्या पाटीवर डेटा वाहिन्या ५ व्होल्टवर राहतात आणि आपली चिप ३.३ व्होल्टची असते, हे लावण्याआधी मीटरनं तपासा. शिवाय चिमट्यातून अख्ख्या बोर्डाला वीज जाते आणि प्रोसेसर जागा होऊन त्याच चिपशी बोलू लागतो. वाचलेला मजकूर दर वेळी वेगळा येत असेल तर कारण बहुधा हेच; प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवावं लागतं.

तेव्हापासून यादीला तीन उगम ठेवले: चालू असतानाची नोंद, सगळ्या स्क्रिप्टमधले शब्द ग्रेपनं, आणि ‘क्वचित पण प्राणाची’ अशी हातानं लिहिलेली यादी. अद्ययावत करणं, फॅक्टरी रीसेट, फाइलप्रणाली दुरुस्ती आणि कारखान्यातली चाचणी या तिसरीत येतात.

आता आकाराबद्दल, कारण इथं सगळ्यांचा अंदाज चुकतो. आमचा रूटएफएस (मूळ फाइलप्रणाली) स्क्वॉशएफएस या फक्त वाचायच्या प्रकारातला, एक्सझेडनं दाबलेला, २५६ केबीच्या ठोकळ्यांत. फ्लॅशचा पुसायचा ठोकळा ६४ केबी. बायनरीतून १० केबी काढले की दाबलेल्या इमेजमध्ये त्यातला जेमतेम निम्मा भाग कमी होतो. आणि लिहिण्याजोगं विभाजन पुढच्या ६४ केबीच्या सीमेवरच सुरू होत असल्यानं, ती सीमा ओलांडली नाही तर वाचलेलं काहीच हाती लागत नाही. आमच्या इमेजच्या शेवटच्या ठोकळ्यात २३ केबी मोकळे होते. म्हणजे दाबल्यानंतर २३ केबीपर्यंतची भर फुकट होती, आणि बचत करायची तर ४१ केबीच्या वर. हे गणित दुसऱ्या दिवशी केलं असतं तर व्हीआय हा मजकूर-संपादक काढावा की ठेवावा यावर दोन बैठका झाल्या नसत्या. स्क्वॉशएफएस बनवताना एक्सबीसीजे चा एआरएम किंवा एआरएमथंब गाळक लावला तर त्याच बायनरी आणखी दाबल्या जातात. पण कर्नलच्या एक्सझेड भागात तोच गाळक चालू असावा लागतो, नाहीतर इमेज वाचताच येत नाही.

बिझीबॉक्सपुरतं मोजमाप मात्र दाबण्याआधीच्या बाइटांतच करा. बदलाआधी मेक बेसलाइन, बदलानंतर मेक ब्लोटचेक. ब्लोट-ओ-मीटर ही पायथन स्क्रिप्ट फंक्शनागणिक जुना आकार, नवा आकार आणि फरक छापते. कंपायलर आणि कॉन्फिग दोन्ही वेळा तेच हवं. एकदा मधेच टूलचेन (कंपायलर आणि त्याची साधनं) बदलली आणि दीडशे फंक्शनं ‘वाढलेली’ दिसली.

पाचवा आठवडा: एलएस आणि देवनागरी

ही मागणी सगळ्यांत किरकोळ वाटली होती. तंत्रज्ञ पेनड्राइव्हवर ‘नीरा उजवा कालवा’ अशा नावांनी नोंदी ठेवतात आणि पेटीवर एलएस केलं की नुसती प्रश्नचिन्हं. खाली तीन वेगळे थर निघाले, आणि प्रश्नचिन्हं तिन्हींमध्ये सारखीच दिसतात.

पहिला थर कर्नलचा. पेनड्राइव्हवरची व्हीफॅट फाइलप्रणाली साध्या पद्धतीनं माउंट केली (जोडली) तर नावं मूळ अक्षरसंचात उतरवली जातात आणि तो बहुधा आयएसओ ८८५९-१ असतो. देवनागरी त्यात नाहीच, म्हणून खुद्द नावातच प्रश्नचिन्हं येतात आणि अशी फाइल उघडतही नाही. माउंट करताना यूटीएफ८ हा पर्याय द्या. आयओचारसेट बरोबर यूटीएफ८ असं लिहिलं तर कर्नल लॉगमध्ये कुरकुरतो, कारण मग फाइलप्रणाली लहान-मोठ्या लिपीत भेद करू लागते.

दुसरा थर एन्व्हायर्नमेंटचा. आमच्या जुन्या कॉन्फिगमध्ये ‘युनिकोड एन्व्हायर्नमेंटमधून तपासा’ हे चालू होतं आणि सीरियल लॉगिनला भाषा सांगणारं लँग हे व्हेरिएबल रिकामं. मग बिझीबॉक्स प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतं. लँगमध्ये एमआर_आयएन.यूटीएफ-८ घातलं की पुरे, लोकेलच्या फाइली लागत नाहीत. किंवा तो पर्यायच बंद करा. मग युनिकोड कायम चालू राहतं. आम्ही बंद केला.

तिसरा थर बिझीबॉक्सच्या काटकसरीचा. लास्ट_सपोर्टेड_डब्ल्यूचार या आकड्याची मूळ किंमत ७६७ असते. त्याच्या वरचं प्रत्येक अक्षर ‘छापता न येणारं’ मानून त्याजागी प्रश्नचिन्ह टाकलं जातं. देवनागरी सुरू होते २३०४ पासून. पर्यायाच्या मदतीच्या मजकुरातच सोयीचे आकडे दिले आहेत: ७६७ ठेवलं तर सुमारे ७०० बाइट वाचतात, ४३५१ ठेवलं तर सुमारे ३००, आणि शून्य ठेवलं तर मर्यादाच नाही. ४३५१ पर्यंत दुप्पट रुंदीची अक्षरं येत नाहीत, पण देवनागरीसकट सगळ्या मुख्य भारतीय लिप्या येतात. चारेकशे बाइटांत काम होतं.

कुठला थर गळतोय हे ओळखायची खूण प्रश्नचिन्हांची संख्या. ‘नीरा’ या नावात चार युनिकोड अक्षरं: न, दीर्घ ईची वेलांटी, र, काना. बारा प्रश्नचिन्हं दिसली तर युनिकोडच बंद आहे, कारण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट होतात. चार दिसली तर एकतर आकडा ७६७ आहे किंवा कर्नलनंच नाव बिघडवलंय. तेव्हा इको नं तारांकन छापून हेक्सडंप डॅश मोठा सी कडे पाठवा. बाइट ई० ए४ किंवा ई० ए५ नं सुरू होत असतील तर नाव शाबूत आहे. ३एफ दिसले तर माउंटचा पर्याय चुकलाय.

हे सगळं करून ‘नीरा’ आणि ‘कालवा’ व्यवस्थित दिसले. ५ फेब्रुवारीला काम झालं म्हणून खूण केली. ७ ला ‘पूर्णा’ नावाची फाइल आली आणि पुन्हा दोन प्रश्नचिन्हं. काना आणि वेलांटी ही रुंदी असलेली चिन्हं मानली जातात. उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांची रुंदी शून्य. युनिकोड_कंबाइनिंग_डब्ल्यूचार्स बंद असेल तर शून्य रुंदीचं प्रत्येक चिन्ह प्रश्नचिन्ह होतं. ‘पूर्णा’त दीर्घ उकार आणि हलन्त दोन्ही आहेत. चाचणीसाठी नाव निवडताना उकार, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर असलेलं घ्या. आमच्या चाचणीत आता ‘पूर्णा-तेरणा_केंद्र’ आहे.

दोन गोष्टी मात्र तशाच सोडल्या. शेलच्या ओळीवर बॅकस्पेस मारला की अख्खं अक्षर न जाता आधी मात्रा जाते. आणि बिझीबॉक्सचा व्हीआय बहुबाइट अक्षरं जाणतच नाही. त्यात देवनागरी मजकूर दुरुस्त करायला घेऊ नका.

सहावा आठवडा: एकुलतं एक सी

मोडेमवर एका वेळी एकच काम चालावं म्हणून फ्लॉक हे कुलूप लावणारं हत्यार वापरत होतो. १.३६.१ च्या फ्लॉकला डॅश एस, एक्स, एन, यू कळतात. कुलपासाठी ठरावीक वेळ थांबायचा डॅश डब्ल्यू नाही. टाइमआउट पुढे लावून चालत नाही, कारण कुलूप मिळाल्यावर चाललेलं कामही तो तेवढ्याच वेळात मारतो. डॅश एन आणि स्लीपचं लूप चालतं, आणि सहा महिने तेच चालवलं होतं. पण दोन लूपं एकाच सेकंदाला जागी झाली की एकाला पुन्हापुन्हा उपाशी राहावं लागायचं.

बदल छोटा आहे. पर्याय वाचणाऱ्या गेटऑप्ट३२ या फंक्शनमध्ये डब्ल्यू नंतर कोलन आणि अधिक लिहिलं की आर्ग्युमेंट थेट पूर्णांकात येतं. सिगअलार्म या वेळ संपल्याच्या सिग्नलला रिकामा हँडलर लावायचा, रीस्टार्टचा झेंडा न लावता, म्हणजे फ्लॉक ही सिस्टिम कॉल ईइंटर (मधेच थांबवल्याची त्रुटी) घेऊन परत येते. अलार्म लावायचा, कुलूप मागायचं, मिळालं की अलार्म शून्य करायचा. हे शेवटचं विसरलात तर काम सुरू झाल्यावर पालक प्रोसेसला अवेळी सिग्नल येतो. वेळ संपली तर १ हा निर्गम-क्रमांक, युटिल-लिनक्सच्या फ्लॉकप्रमाणेच.

गेटऑप्ट३२ मधला खड्डा आधीच सांगून ठेवतो. पर्यायांच्या स्ट्रिंगमधला क्रम हाच बिटांचा क्रम. नवं अक्षर सुरुवातीला घातलं तर बाकीचे सगळे एक घर सरकतात. डॅश एक्स दिला तर तो डॅश एन सारखा वागेल आणि कंपायलर चकार शब्द काढणार नाही. नवं अक्षर शेवटी घाला आणि खालच्या एनममधली यादी बोट ठेवून ताडून पाहा.

आणखी एक. कॉन्फिगच्या, केबिल्डच्या आणि मदतीच्या ओळी सी फाइलच्या माथ्यावर, दोन तिरप्या रेघांच्या विशिष्ट टिपांमध्ये असतात. त्यांतून कॉन्फिग.इन आणि केबिल्ड आपोआप बनतात. कॉन्फिग.इन हातानं बदललात तर पुढच्या बिल्डला तो बदल गायब. मदतीचा मजकूर दाबून साठवला जातो, त्यामुळे एक ओळ वाढवायला घाबरू नका. ग्लोबल चल मात्र सहज वाढवू नका. डॉक्स फोल्डरातलं कीप-डेटा-स्मॉल हे टिपण त्यासाठी एकदा वाचाच. ब्लोटचेकमध्ये आमची वाढ शंभर बाइटांच्या आसपास आली.

सातवा आठवडा: नाही म्हणायचं काम

डब्ल्यूगेट एचटीटीपीएस बोलतो, पण प्रमाणपत्र पडताळत नाही. तो स्वतःच तशी टीप छापतो. त्यात पडताळणी घालावी ही सगळ्यांत आग्रही मागणी होती. साखळी तपासणं, मुदत, नावं, मूळ प्रमाणपत्रांचा गठ्ठा आणि तो दरवर्षी ताजा ठेवणं, हे शंभर-दोनशे बाइटांचं काम नव्हे, आणि अर्धवट केलं तर न केल्यापेक्षा वाईट. शिवाय घड्याळ १९७० मध्ये असताना प्रत्येक प्रमाणपत्र अवैधच ठरतं. आम्ही प्रश्न बदलला. वाट सुरक्षित नसेल तर सामानावर सही हवी. फर्मवेअरवर ईडी२५५१९ पद्धतीची डिजिटल सही, पेटीत ३२ बाइटांची सार्वजनिक किल्ली, तपासायला एक छोटा वेगळा प्रोग्राम. ६४ बाइटांची सही जुळली नाही तर फ्लॅशला हात लावायचा नाही. त्याच फेरीत स्क्रिप्टचा क्रमही सुधारला: लागणारी सगळी हत्यारं जागेवर आहेत का ते आधी पाहायचं, पुसायचं नंतर.

आठवा आठवडा: चाचण्या

लॅपटॉपवर मेक चेक हिरवं आलं म्हणजे पेटीवर येईलच असं नाही. टेस्टसूट फोल्डर, बायनरी आणि डॉटकॉन्फिग, तिन्ही पेटीच्या टीएमपी मध्ये नेले. डॉटकॉन्फिग हवंच; रनटेस्ट त्यातूनच ठरवतो की कुठल्या चाचण्या वगळायच्या. ते विसरलं की भलत्याच चाचण्या पडतात. छाटलेल्या कॉन्फिगमध्ये काही चाचण्या दुसरंच हत्यार नाही म्हणून पडतात, अ‍ॅप्लेट चुकलं म्हणून नव्हे. डॅश व्ही लावून एकेक वाचावी लागते. १९ पडलेल्यांपैकी १६ अशा, २ मूळ आवृत्तीतही पडणाऱ्या, आणि १ आमची: फ्लॉकची चाचणी एका सेकंदाच्या हिशेबावर होती, पेटी तेवढी चपळ नव्हती. ती तीन सेकंदांची केली.

कागदपत्रं, आणि वाट पाहणं

बिझीबॉक्स जीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याच्या फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. पेटी विकताना स्रोत सोबत द्या, नाहीतर निदान तीन वर्षं वैध राहील असा लेखी प्रस्ताव द्या. स्रोत म्हणजे नुसता टारबॉल नव्हे. आपले पॅच, डॉटकॉन्फिग आणि बांधायच्या-बसवायच्या स्क्रिप्टसुद्धा. हा विषय कागदापुरता नाही. २००७ मध्ये अमेरिकेतला जीपीएलचा पहिला खटला याच प्रकल्पाच्या लेखकांनी मॉन्सून मल्टिमीडियावर घातला होता. बिल्डरूटमध्ये मेक लीगल-इन्फो चालवलं की स्रोत, परवाने आणि यादी एका फोल्डरात येते. शेवटी ते जे इशारे छापतं ते वाचा. बाहेरून आणलेली टूलचेन आणि आपल्या खास फाइली त्यात असतीलच असं नाही.

फ्लॉकचा पॅच मूळ प्रकल्पाला पाठवायला कंपनीची परवानगी लागली. अर्ज ३ फेब्रुवारीला, कोड लिहिण्याआधीच दिला, आणि ते बरं झालं. दहा दिवसांनी ‘या बदलाची बाजारातली किंमत किती’ अशी विचारणा आली. ‘शून्य’ लिहिलं तर फॉर्म स्वीकारेना, एक रुपया लिहावा लागला. मंजुरी २२ व्या दिवशी, २५ फेब्रुवारीला आली.

पाठवताना पॅच १.३६.१ वर नव्हे, गिटच्या ताज्या शाखेवर बसवून घ्या. कमिटच्या संदेशात कारण दोन ओळींत, खाली ब्लोट-ओ-मीटरचा निकाल. तिथल्या जुन्या कमिटांत हाच रिवाज दिसतो, आणि आकडा नसेल तर पहिला प्रश्न तोच येणार. कार्यालयीन ईमेल प्रोग्रामनं टॅबांच्या जागा केल्या आणि पॅच लागेना, म्हणून दुसऱ्यांदा गिट सेंड-ईमेल नं पाठवला. आधी स्वतःला पाठवून, आलेल्या पत्रातून तो पुन्हा लावून बघितला असता तर ही फेरी वाचली असती. २००६ पासून प्रकल्पाची धुरा मुख्यतः डेनिस व्लासेन्को यांच्यावर आहे. उत्तराला आठवडे लागू शकतात हे धरूनच वेळापत्रक करा, आणि आपली पेटी त्या उत्तरावर अडकवू नका.

११ मार्चला नवी इमेज पहिल्या सहा पेट्यांवर गेली. तिचा आकार जुनीपेक्षा एका ठोकळ्यानं, म्हणजे ६४ केबीनं कमी भरला. फ्लॉकच्या पॅचला अजून उत्तर नाही. तो बिल्डरूटच्या पॅच फोल्डरात ऑकच्या चार पॅचनंतर पाचव्या क्रमांकावर आहे, आणि फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवलंय की मूळ आवृत्तीत डॅश डब्ल्यू आला की ही फाइल काढून टाकावी आणि मोडेमच्या दोन्ही स्क्रिप्ट एकदा चालवून बघाव्यात.